मधल्या माणसाची कैफियत

हिंदी चित्रपटांतील पिता-पुत्रांविषयी लिहिताना आपण सहसा मुलाचे तरुणपण गृहीत धरतो. मुलगा प्रेमात पडतो, बाप आड येतो, मुलगा बंड करतो आणि शेवटी दोघांपैकी एक नमतो. या साच्याचे भव्य रूप 'मुघल-ए-आझम'ने १९६० मध्ये उभे केले आणि त्यातील अकबर साकारणारे पृथ्वीराज कपूर भारतीय प्रेक्षकांच्या मनात नकार देणाऱ्या पित्याची मूर्ती होऊन बसले. परंतु मुलगा पंचेचाळिशी ओलांडलेला असेल, त्याचे केस पिकू लागले असतील, त्याचा स्वतःचा मुलगा लग्नाचा झाला असेल आणि नेमक्या याच वयात त्याने आयुष्यभर जपलेले काम कोसळले असेल, तर? अशा माणसाला आपल्या बापाकडून काय हवे असते? या प्रश्नाकडे आपल्या चित्रपटसमीक्षेने आणि साहित्यसमीक्षेनेही फारसे लक्ष दिलेले नाही, असे आम्हांला वाटते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही येथे राज कपूर यांचे दोन चित्रपट निवडले आहेत. १९७० चा 'मेरा नाम जोकर' आणि त्याच्या पाठोपाठ १९७१ मध्ये आलेला 'कल आज और कल'. पहिल्याचे दिग्दर्शन त्यांचे स्वतःचे, दुसऱ्याचे त्यांचे चिरंजीव रणधीर कपूर यांचे. पहिल्यावर उदंड लिहिले गेले आहे. दुसऱ्याचा उल्लेख बहुधा एका कुटुंबाच्या तीन पिढ्या पडद्यावर एकत्र आल्याचे नवल म्हणून होतो आणि तेथेच संपतो. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. कलाकृती म्हणून 'जोकर' निःसंशय मोठा आहे, पण मध्यमवयातील अपयशाविषयी अधिक खरे बोलतो तो 'कल आज और कल'.

हा विषय सुचण्याचे कारण अगदी जवळचे आहे. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की हडपसर मागे पडल्यावर लोणी काळभोर लागते. येथे मुळा-मुठेच्या काठी राज कपूर यांची 'राजबाग' होती. 'सत्यम् शिवम् सुंदरम्' (१९७८) या चित्रपटाचे चित्रण या बागेत झाले. आज त्या भूमीवर एमआयटीच्या कला, डिझाइन व तंत्रज्ञान विद्यापीठाचा परिसर आहे आणि कपूर कुटुंबाचे स्मारकही. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ २०१७ च्या आगीत होरपळला आणि २०१९ मध्ये विकला गेला. त्यामुळे राज कपूर यांची आठवण जागती ठेवणाऱ्या मोजक्या वास्तूंत लोणीचे हे ठिकाण आता महत्त्वाचे झाले आहे. या परिसरातून आमच्याकडे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही 'जोकर'वर लिहायला सांगतो, तेव्हा जवळजवळ सगळे निबंध प्रेमाच्या असफलतेवर येतात. शिक्षिका मेरी, रशियन कलावती मरीना आणि मीना या तीन स्त्रिया आणि तीन ताटातुटी. कथानकाच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही. मात्र राजूच्या वडिलांविषयी कोणी चार ओळीही लिहीत नाही.

वास्तविक 'जोकर'ची सारी रचनाच एका गैरहजर पित्याभोवती उभी आहे. राजूचे वडील सर्कशीतले कलावंत. खेळ चालू असताना अपघाताने त्यांचा मृत्यू झालेला. आई हे मुलापासून लपवते आणि त्याला सर्कशीपासून दूर ठेवू पाहते. मुलगा मात्र कोणी न शिकवता विदूषकच होतो. म्हणजे ज्या बापाला त्याने जाणतेपणी पाहिलेले नाही, त्याचाच व्यवसाय तो उचलतो आणि त्याच्याच झोक्यावर चढतो. दुसऱ्या खंडात आई त्याला त्या उंचीवर पाहते, तो धक्का तिला सोसत नाही आणि ती तेथेच प्राण सोडते. राजूला त्याच अवस्थेत हसतमुखाने रिंगणात परतावे लागते. हा प्रसंग सामान्यतः 'कलावंताचे दुःख आणि लोकांचे हसू' या विरोधाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. आम्हांला तो वेगळा दिसतो. मुलगा बापासारखाच झाला आहे, ही गोष्ट या जगात ओळखू शकेल अशी एकच व्यक्ती उरली होती, आणि ते ओळखताक्षणीच ती जाते. 'तू त्याचाच मुलगा शोभतोस' हे शब्द राजूला कोणाच्याही तोंडून मिळत नाहीत. त्यानंतर तो ते टाळ्यांतून मिळवू पाहतो. शेवटच्या खेळाला तो तीनही स्त्रियांना बोलावून समोर बसवतो, तेही याच गरजेतून.

'जोकर'चे मोठेपण या गरजेच्या चित्रणात आहे, पण त्याची मर्यादाही तेथेच आहे. बाप नाही म्हटल्यावर त्याच्याशी भांडण नाही, त्याच्याकडून नकार नाही आणि क्षमाही नाही. उरतो तो प्रेक्षक. प्रेक्षकाने बापाच्या जागी बसावे आणि आपल्याला पसंत करावे, अशी या चित्रपटाची चार तासांहून अधिक चालणारी विनवणी आहे. दोन मध्यंतरांच्या या चित्रपटावर राज कपूर यांनी अनेक वर्षे खर्ची घातली, पैसा ओतला आणि प्रेक्षकांनी त्या वेळी तो नाकारला. चित्रपटातल्या विदूषकाला टाळ्या मिळाल्या. चित्रपटकर्त्याला मिळाल्या नाहीत. डिसेंबर १९७० मध्ये चित्रपट आला, त्याच महिन्यात त्यांनी वयाची ४६ वर्षे पूर्ण केली होती.

आता थोडे मागे जाऊ. 'आवारा' १९५१ चा. त्यात न्यायाधीश रघुनाथच्या भूमिकेत पृथ्वीराज, आरोपी राजच्या भूमिकेत राज कपूर, लहानपणीच्या राजच्या भूमिकेत शशी कपूर; आणि ज्या न्यायालयात खटला चालतो तेथील न्यायासनावर पृथ्वीराजांचे वडील दिवाण बशेश्वरनाथ. चोराचा मुलगा चोरच होणार, हे रघुनाथचे तत्त्व. त्यापायी गरोदर पत्नीला त्याने घराबाहेर काढलेले. मुलगा गुन्हेगार होतो आणि बापावरच्या हल्ल्याचा आरोपी म्हणून उभा राहतो, तेव्हा उलटतपासणी बापाची होते. मुलाला शिक्षा होतेच. पण बाप तुरुंगात येऊन त्याला आपला म्हणतो. सत्ताविशीतल्या मुलाचे हे स्वप्न आहे. भर न्यायालयात बापाची चूक सिद्ध व्हावी आणि मग त्याने जवळ घ्यावे. तरुण वयात हे स्वप्न साजते, कारण दोष कोणाचा हे ठरवता येईल असा विश्वास त्या वयात असतो.

येथे आमचे काही सहकारी आक्षेप घेतील हे आम्ही जाणतो. कलाकृतीचा विचार कलाकृतीतच व्हावा, कर्त्याच्या चरित्रात शिरू नये, हे मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य'पासून आपण वर्गात शिकवत आलो आहोत आणि ते योग्यही आहे. एखाद्या कवितेचा अर्थ कवीच्या घरगुती भांडणातून काढणे आम्हांलाही मान्य नाही. परंतु येथे गोष्ट निराळी आहे. 'आवारा'त खरा आजोबा न्यायासनावर आणि खरा बाप साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसवला जातो, तेव्हा ते नाते कलाकृतीबाहेर राहत नाही. पात्रयोजनेच्या रूपाने ते संहितेचाच भाग होते. श्रेयनामावलीत ती आडनावे आहेत, चेहऱ्यांत ते साम्य आहे आणि प्रेक्षकाने ते ओळखावे अशीच योजना आहे. 'जोकर'मधला लहानगा राजू ऋषी कपूर होतो आणि त्या भूमिकेसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळतो, तेव्हाही हेच घडते. जो मुलगा पडद्यावर बाप शोधतो आहे, तोच पडद्याबाहेर बाप आहे. हे सारे वगळून या चित्रपटांचे वाचन केले, तर आपण संहितेचा एक धागाच तोडून टाकू.

हा धागा धरून 'कल आज और कल'कडे यावे. कथानक साधे, थोडे ढोबळच आहे. आजोबांनी आपल्या मित्राला शब्द दिलेला की, नातवाचे लग्न त्याच्या नातीशी होईल. नातवाचे प्रेम दुसऱ्या मुलीवर. आजोबा शब्दावरून हटत नाहीत, नातू प्रेमावरून. या दोघांच्या मध्ये अडकलेला बाप म्हणजे राज कपूर. आजोबा पृथ्वीराज, नातू रणधीर, नायिका बबिता. दिग्दर्शक रणधीर त्या वेळी चोविशीत होते. राज कपूर यांनी 'आग' केला तेव्हा तेही साधारण याच वयाचे होते. विनोद जागोजागी ताणलेला आहे, गाणी बेताची आहेत आणि तिकीटबारीवरही चित्रपटाने कर्जबाजारी आर. के.ला फारसा हात दिला नाही. चित्रपट सदोष आहे हे मान्य करूनच आम्ही पुढे जातो.

या चित्रपटातील मधल्या माणसाची अवस्था नीट पाहावी. बापासमोर तो अजून मुलगा आहे. बापाच्या शब्दाला नाही म्हणण्याची सवय त्याच्या अंगी नाही. मुलासमोर तो बाप आहे. पण त्या मुलाला आज्ञा करण्याचा अधिकार त्याच्या पिढीने गमावलेला आहे. दोन्हीकडून त्याला हाच सवाल केला जातो की, तू कोणाच्या बाजूचा? तू कसा आहेस, हे दोघांपैकी कोणी विचारत नाही. 'आवारा'तल्या मुलाजवळ आरोप होता, 'जोकर'मधल्या विदूषकाजवळ निदान एक रिंगण होते. या माणसाजवळ यांपैकी काहीच नाही. त्याचे दुःख नाट्यमय नाही, म्हणूनच ते पडद्यावर दुबळे दिसते. मध्यमवयातील अपयश बहुतेकांच्या वाट्याला याच रूपात येते, असे आमचे निरीक्षण आहे. एके दिवशी मोठा आवाज होऊन काही कोसळते असे फारसे घडत नाही. दोन खोल्यांमध्ये निरोप पोहोचवता पोहोचवता वर्षे जातात.

आणि हे सारे करणारा नट नुकताच 'जोकर'च्या पराभवातून आलेला आहे. त्याच्या समोर बसलेला वृद्ध नट त्याचा खरा बाप आहे. पृथ्वीराजांनाही अपयश अनोळखी नव्हते, हे येथे लक्षात घ्यायला हवे. १९४४ मध्ये काढलेले पृथ्वी थिएटर्स त्यांनी १६ वर्षे गावोगाव फिरवले, 'दीवार', 'पठाण' यांसारखी नाटके केली, प्रयोग संपल्यावर दाराशी झोळी घेऊन मदत मागितली; आणि १९६० मध्ये ती नाटकमंडळी बंद पडली. 'मुघल-ए-आझम'मधला अकबर पडद्यावर आला त्याच वर्षी. ज्या साली देशाने त्यांना सर्वांत सामर्थ्यवान पिता म्हणून पाहिले, त्याच साली त्यांची स्वतःची रंगभूमी मिटली होती. तेव्हा 'कल आज और कल'च्या दिवाणखान्यात समोरासमोर बसलेले हे दोन पुरुष आपापल्या स्वप्नाचे कर्ज चुकवून थकलेले आहेत. संवाद मात्र लग्नाच्या शब्दाविषयी चालू आहे. मोठे अपयश पचवलेली माणसे घरात बोलतात ती अशाच दुसऱ्या कुठल्यातरी विषयावर. पटकथेने हे ठरवून केले आहे असा आमचा दावा नाही. तीन पिढ्यांना एका खोलीत बसवले आणि ते आपोआप घडले, एवढेच आम्ही म्हणतो.

मे १९७२ मध्ये पृथ्वीराज गेले. १९७१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. १९८७ चा राज कपूर यांना. दरम्यान १९७३ मध्ये 'बॉबी' आला आणि आर. के.चे कर्ज फिटले. 'बॉबी'च्या शेवटी प्रेमी युगुल पाण्यात उडी घेते आणि त्यांच्यामागून दोघांचे बापही उडी मारतात. एक बाप दुसऱ्याच्या अपत्याला वाचवतो. लोकप्रिय चित्रपटाचा सोयीस्कर शेवट म्हणून हे सोडून देता येईल. पण 'आवारा'तल्या न्यायालयापासून येथवर आलेल्या वाचकाला त्यात आणखी काही दिसेल. बाप प्रथमच आसन सोडून पाण्यात उतरला आहे. राज कपूर यांना हा शेवट करता आला तो वडील गेल्यानंतर, हे आम्हांला निव्वळ योगायोगाचे वाटत नाही. अर्थात हे सिद्ध करता येण्याजोगे नाही.

मराठी वाचकाने येथे आणखी एक गोष्ट आठवावी. ज्या डिसेंबर १९७० मध्ये 'जोकर' आला, त्याच महिन्यात वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' डॉ. श्रीराम लागू यांच्या भूमिकेसह रंगभूमीवर आले. एकीकडे मध्यमवयीन विदूषक, दुसरीकडे निवृत्त नटसम्राट. दोघेही प्रेक्षकाशी बोलणारे, दोघेही घराला पारखे. पण 'नटसम्राट' बापाच्या बाजूने लिहिलेले आहे. सर्वस्व मुलांना देऊन टाकलेल्या अप्पा बेलवलकरांना मुलाच्या घरी अवमान आणि मुलीच्या घरी चोरीचा आळ सोसावा लागतो. त्या नाटकाची उंची वादातीत आहे. आमची तक्रार नाटकाविषयी नसून आमच्या शिकवण्याच्या पद्धतीविषयी आहे. पन्नासहून अधिक वर्षे आपण वर्गावर्गांतून अप्पांसाठी गहिवरत आलो. त्या मुलाच्या आणि मुलीच्या बाजूने एकही प्रश्न प्रश्नपत्रिकेत घातला नाही. वाणीच्या बळावर सारे सभागृह ताब्यात घेणाऱ्या माणसाचा मुलगा म्हणून सामान्य नोकरी करत जगणे कसे असते, हे विचारण्याची सोय आपल्या भावुकतेने ठेवली नाही. त्यांच्या कृतघ्नतेचे समर्थन करण्याचा प्रश्नच नाही. परंतु कृतघ्न म्हणून शिक्का मारला की वाचन संपते, आणि शिक्षकाने वाचन संपू देता कामा नये.

मधल्या माणसाला मराठी नाटकात स्वतःची जागा मिळाली ती महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५). तेथे बाप नाटक सुरू होण्यापूर्वीच गेलेला आहे. थोरला भास्कर वाडा सांभाळतो, धाकटा सुधीर मुंबईहून येतो आणि तात्याजींच्या तेराव्याचा खर्च उभा कसा करायचा यावरून घर ताणले जाते. पैसा नाही, पण देशपांड्यांच्या इभ्रतीला शोभेल असेच दिवस झाले पाहिजेत. मेलेल्या बापाची पसंती मिळवण्याची ही धडपड आहे आणि तिची किंमत जिवंत माणसे भरतात. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर त्या पिढीच्या फसलेल्या बेतांचा साक्षीदार आहे. चित्रपटात हीच जागा राजेश मापुसकर यांच्या 'व्हेंटिलेटर'ने (२०१६) शोधली. गणपती तोंडावर आलेले, कामेरकर कुटुंबातील वडीलधारे गजूकाका अत्यवस्थ, रुग्णालयात गोतावळा जमलेला. आणि त्यात आशुतोष गोवारीकर यांनी केलेला चित्रपट-दिग्दर्शक राजा, ज्याचे वडिलांशी, म्हणजे सतीश आळेकरांनी केलेल्या भाऊंशी, मोकळे बोलणे उरलेले नाही. मृत्यू समोरच्या खाटेवर आहे म्हणून या घरातले पुरुष बोलू लागतात. 'कल आज और कल'ला जे साधले नाही ते या चित्रपटाला साधले, कारण त्याने कोण बरोबर हा प्रश्न मागे सारला.

हा सारा खटाटोप आम्ही का करतो आहोत, हेही सांगायला हवे. आमच्या वयाचे, मराठीत एम.ए. झालेले, नेट-सेट उत्तीर्ण असलेले कितीतरी सहकारी चाळिशी ओलांडून तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. दर वर्षी नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत, सुट्टीतल्या महिन्यांचे मानधन नाही. यांतील अनेकांच्या वडिलांनी शेतीच्या उत्पन्नातून, प्रसंगी तुकडा विकून, त्यांचे शिक्षण केले. लोणी काळभोर आणि भोवतीच्या गावांतून जमिनीला भाव आला, शेताच्या जागी गोदामे आणि इमारती उभ्या राहिल्या, आणि ज्या घरात विकायला जमीन उरली नाही त्या घरात 'शिकून काय केलेस' हा प्रश्न न विचारताही ऐकू येऊ लागला. दुसऱ्या बाजूला त्यांची मुले बारावीत आहेत आणि शिकवणीची फी मागत आहेत. ही अवस्था ज्याची आहे त्याला 'जोकर' पाहून रडू येईल, यात शंका नाही. पण ते रडू त्याला एवढेच सांगेल की, तू एकटा आहेस आणि तुझे एकटेपण सुंदर आहे. हा दिलासा आम्हांला घातक वाटतो. आपले अपयश केवळ आपल्या हृदयाचा विषय आहे असे मानले की, त्यामागची नोकरभरती, वेतन, जमीन ही कारणे दिसेनाशी होतात आणि बापाशी बोलण्याचीही गरज उरत नाही.

'कल आज और कल'मध्ये असा दिलासा नाही. तेथे बाप खोलीत आहे, मुलगा दुसऱ्या खोलीत आहे आणि जेवणाची वेळ झाली आहे. त्यांच्याशी बोलावेच लागते. बापाकडून पसंतीचा शिक्का मिळेल अशी वाट पाहणाऱ्याने एकदा तरी त्या बापाचे बंद पडलेले पृथ्वी थिएटर्स कोणते, हे विचारून पाहावे. आपल्या शेतकरी बापांच्याही आयुष्यात एखादी बुडालेली विहीर, फसलेले पीक किंवा न मिटलेली भावकी असते. ती त्यांनी आपल्याला सांगितली नाही, कारण आपण त्यांना अकबरच समजत राहिलो.

म्हणून आमची सूचना लहान आहे आणि ती आम्ही आमच्यापुरती अमलातही आणणार आहोत. 'नटसम्राट' शिकवताना त्याच्या जोडीला 'वाडा चिरेबंदी'तील भास्कर वाचायला द्यावा. 'जोकर' दाखवला तर त्याच आठवड्यात 'आवारा' आणि 'कल आज और कल'ही दाखवावेत. सदोष चित्रपट दाखवण्याचा संकोच करू नये. आणि निबंधाला प्रश्न घालावा तो प्रेमाच्या असफलतेवर न घालता असा घालावा : या तीन चित्रपटांत बाप कोठे बसला आहे, आणि मुलगा त्याच्याकडे कोणत्या बाजूने पाहतो? लोणीहून रोज बसने येणारा विद्यार्थी या प्रश्नाचे उत्तर आमच्यापेक्षा चांगले लिहील, अशी आमची खात्री आहे. घरी गेल्यावर ते उत्तर त्याने वडिलांना वाचून दाखवले, तर परीक्षेतल्या गुणांहून ते आम्हांला अधिक मोलाचे वाटेल.